इटलीची खेडी, एकटीने आणि मोटार न चालवता: आधी रेल्वेमार्ग ठरवा, गावं मागाहून

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४, राहणं नाशिकला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून इटलीत बारा रात्री. रोम आणि व्हेनिस ग्रुप टूरमध्ये पाहून झालंय, म्हणून आता एकटीने खेडी, डोंगर, शेतं बघायचीत आणि शेवटी रेल्वेनेच झुरिकला भाचीकडे जायचंय. तिकडे मोटार चालवायची नाही. शाकाहारी. हे जमण्यासारखं आहे का, सुरक्षित आहे का, आणि आग्रितुरिस्मोत, म्हणजे शेतावरच्या घरात, राहावं का?

जमण्यासारखं आहे. सुरक्षिततेची काळजी समजते, त्यावर पुढे लिहितेच. पण तुम्हाला खरा त्रास चोरांपेक्षा रविवारच्या बसचा होणार आहे, म्हणून सुरुवात तिथून.

माझ्याकडे प्रवास आखून घ्यायला येणारे बहुतेक जण फोटो पाहून केलेली यादी घेऊन येतात. पिएन्झा, मोंतेपुल्चानो, सान जिमिन्यानो, कोर्तोना. यादीत खोट काढण्यासारखं काही नाही, पण ही गावं टेकड्यांच्या माथ्यावर आहेत आणि रेल्वे एकोणिसाव्या शतकात आली ती खालच्या खोऱ्यांतून. त्यामुळे स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव असलं, तरी गाव तिथे असेलच असं नाही. मोंतेपुल्चानो नावाच्या स्टेशनवर उतरलात तर समोर शेतं दिसतील आणि गाव दहाएक किलोमीटर लांब राहील. जाणकार किउझीला उतरून तिथून बस धरतात. आसिझीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला, कोर्तोनाचं कामुचाला. मोटार असेल तर याने काही बिघडत नाही. मोटार नसताना मुक्काम डोंगरमाथ्यावर धरला, तर रोज सकाळी खाली आणि संध्याकाळी वर, यातच जीव जातो.

म्हणून माझा आग्रह असा की आधी रेल्वेमार्ग निवडा. त्या मार्गावर, स्टेशनातून सामानासह सहज पोहोचता येईल अशी तीन लहान शहरं धरा, तिथे तीन-चार रात्री राहा आणि खेड्यांत दिवसा जाऊन या. रोज गाव बदलू नका. एकट्या माणसाला दर वेळी बॅग, किल्ली, नवा रस्ता हे सगळं एकट्यानेच निस्तरावं लागतं.

तुमच्या बारा रात्रींसाठी मी ओर्व्हिएतोत चार, सिएनात चार, लुक्कात तीन आणि शेवटची तिरानोला एक अशी मांडणी करीन. सगळं दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जातं, मागे फिरावं लागत नाही.

विमान रोमच्या फ्युमिचिनोला उतरेल. सगळे लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी पकडून तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला जातात. तुम्हाला तेर्मिनीशी काही घेणंदेणं नाही. विमानतळाच्या त्याच स्टेशनातून एफएल-१ ही लोकलसारखी गाडी तिबुर्तिना स्टेशनला जाते, भाडंही कमी. तिबुर्तिनाहून फ्लॉरेन्सच्या जुन्या मार्गाने जाणारी रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडी घेतली की ओर्व्हिएतो. स्टेशनच्या समोरच केबलने ओढली जाणारी फ्युनिक्युलर आहे, ती थेट वर नेऊन सोडते. १८८८ साली ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. वर गाव अख्खंच्या अख्खं ज्वालामुखीच्या मऊ खडकाच्या पठारावर उभं आहे. गुरुवारी आणि शनिवारी पियाझ्झा देल पोपोलोत बाजार भरतो, त्यातला एक दिवस तरी मुक्कामात येईल असं बघा. सान पात्रिझिओची विहीर उतरून बघा. दोनशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांचे दोन वेगवेगळे जिने एकमेकांभोवती वळत जातात. पाणी आणायला उतरणारं खेचर वर येणाऱ्या खेचराला कधीच आडवं जाऊ नये, म्हणून ही रचना.

इथून बसने बान्योरेज्जो आणि तिथून पायपुलाने चिव्हिता. ढासळत्या कड्यावर उरलेलं हे मूठभर घरांचं गाव आहे, आत जायला तिकीट लागतं. दुपारी पर्यटकांची रीघ असते, तेव्हा सकाळची बस पकडा. आणि रविवारी ही बस नसते.

हा बसचा मुद्दा नीट समजून घ्या. इटलीतल्या ग्रामीण बसचं वेळापत्रक शाळकरी मुलं आणि कामावर जाणारी माणसं यांच्या सोयीने आखलेलं असतं, तुमच्या-माझ्या नाही. सकाळी सात-आठला गाड्या, दुपारी शाळा सुटताना गाड्या, मध्ये सामसूम. वेळापत्रकावर ‘फेरियाले’ लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार आणि सण. ‘स्कोलास्तिको’ म्हणजे शाळा चालू असेल तरच. काही ठिकाणी शब्दांऐवजी खुणा असतात: एकमेकांवर तिरपे टाकलेले दोन हातोडे म्हणजे कामाचा दिवस, क्रूस म्हणजे सुट्टी. स्टेशनवर दोन मोठे तक्ते लावलेले असतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. नवखी माणसं पांढऱ्यासमोर उभी राहून वेळ लिहून घेतात आणि फलाटावर जाऊन बुचकळ्यात पडतात. कुठल्याही गावात बसने पोहोचलात की कॉफीच्या आधी परतीची शेवटची गाडी बघा, तक्त्याचा फोटो काढा. तिकीट बसमध्ये मिळेल या भरवशावर राहू नका. ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात, ताबाक्कीत, ते मिळतं, आणि दुकान दुपारी बंद असू शकतं. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं सकाळीच घेऊन ठेवा. शेवटची बस चुकली तर टॅक्सी हात करून मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. मुक्कामाच्या मालकिणीकडून ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

ओर्व्हिएतो ते सिएना हा प्रवास मुद्दाम दिवसाउजेडी करा. किउझीला गाडी बदलायची. तिथून सिएनापर्यंत एकेरी मार्गावर डिझेलची छोटी गाडी धावते आणि आसचानोच्या आसपास ‘क्रेते सेनेसी’ सुरू होतं, म्हणजे चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या. सप्टेंबरअखेर त्या नांगरून झालेल्या असतात. हिरवंगार तोस्काना (टस्कनी) बघायच्या अपेक्षेने गेलात तर जरा चकित व्हाल. त्या दिवसांत तिथला रंग राखाडी-तपकिरी असतो, हिरवा वसंतात. मला स्वतःला हाच रंग जास्त आवडतो.

सिएनाचं स्टेशन खाली, शहर वर. घाबरू नका. स्टेशनसमोरच्या मॉलमध्ये शिरा, तिथून सरकत्या जिन्यांची माळच वर कामोल्लीया दरवाजाच्या बाजूला नेते. बाहेरचे टॅक्सीवाले हे आपणहून सांगत नाहीत.

सिएनातल्या चार दिवसांपैकी एक दिवस चाला. इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी ‘व्हिया फ्रांचिजेना’ ही जुनी यात्रेची वाट इथून जाते. साधारण ९९० साली आर्चबिशप सिजेरिक रोमहून परतताना मुक्कामांची नोंद करत गेला, आजचा मार्ग त्यावर बेतलेला आहे. १९९४ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. मोंतेरिज्जोनी ते सिएना हा टप्पा वीसेक किलोमीटरचा. वाटेत खुणा आहेत, पण सावली आणि दुकानं फारशी नाहीत. पाणी दोन लिटर, टोपी आणि खाणं बरोबर हवं. एवढं चालायचं नसेल तर रेल्वेने बुओनकोन्व्हेन्तोला जा. तटबंदीचं हे गाव सपाटीवर आहे, स्टेशनातून रमतगमत पोहोचता येतं, आणि फोटोतल्या गावांइतकी गर्दी तिथे नसते. पिएन्झासाठी सिएनाहून बस आहे. पिएन्झाच्या भोवतीचं व्हाल दोर्चाचं खोरं २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते बसच्या खिडकीतूनही छान दिसतं. पिएन्झात मुक्काम मात्र नको. संध्याकाळी पर्यटक गेले की एकट्या माणसाला तिथे करण्यासारखं फार काही उरत नाही.

चालण्याबद्दल एक गोष्ट गाइडबुकात फारशी सापडत नाही. इटलीत शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी उघडतो आणि जानेवारीअखेर संपतो. तुम्ही नेमक्या त्यातच जाताय. जंगलातून, झुडपांतून गोळीबाराचे आवाज येतील. कायद्याने मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस शिकार बंद असते. लांब चालायचा बेत या दोन वारांना ठेवा, आणि इतर दिवशी भडक रंगाचं जाकीट घाला. मातकट, हिरवे कपडे नकोत.

आता सुरक्षितता. लहान गावांत एकटी बाई जेवायला बसली, चालायला निघाली, तर कुणी वळूनही बघत नाही. सावध राहायचं ते मोठ्या स्टेशनांवर: फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला, मिलानो चेंत्राले. तिकिटाच्या यंत्राजवळ कुणी प्रेमाने मदतीला आलं तर ‘नो, ग्रात्सिये’ म्हणायचं आणि पर्स पोटाशी धरायची. रेल्वेचा अधिकृत माणूस तिकीट काढून देण्याच्या बदल्यात सुट्टे पैसे मागत नाही. आणीबाणीला ११२. गावाबाहेरच्या रस्त्यांना पदपथ नसतो, वळणं अंधारी असतात. दिवेलागणीनंतर अशा रस्त्यावर पायी जाणं हाच खेड्यातला मोठा धोका. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं, तेव्हा शहराच्या तटाच्या आत मुक्काम असला की हा प्रश्नच मिटतो.

आग्रितुरिस्मोबद्दल विचारलंत. शेतावरच्या या घरांना कायद्याने खरी, चालू शेती असावी लागते. पहिला देशव्यापी कायदा १९८५ चा, आताचा २००६ चा. जागा सुंदर असतात, पण बहुतेक मोटारवाल्यांसाठी. तरी हौस असेल तर आरक्षणाआधी दोनच गोष्टी लिहून विचारा: स्टेशनवरून घ्यायला याल का, आणि रात्रीचं जेवण मिळेल का. दोन्हींना ‘हो’ आलं तर सिएनाच्या चारांतली एक रात्र तिकडे द्या. एकट्या माणसाला खोलीचं भाडं खटकतं, कारण दोघांच्या खोलीचेच पैसे घेतात. ओर्व्हिएतो, सिएना यांसारख्या ठिकाणी जोगिणींच्या मठांनी चालवलेली अतिथिगृहं असतात. खोल्या साध्या, स्वच्छ, स्वस्त. रात्री ठरावीक वेळेला दार बंद होतं, एवढी अट. पासपोर्ट सगळीकडे मागतील, नोंद पोलिसांकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

शाकाहाराचं म्हणाल तर तोस्काना हा इटलीतला सोपा भाग. रिबोल्लिता हे शिळ्या पावाचं, घेवड्याचं आणि काळ्या कोबीचं घट्ट कालवण. पाप्पा अल पोमोदोरो, म्हणजे पाव आणि टोमॅटो. आल्योने लसणाच्या सॉसमधले पिची, म्हणजे हाताने वळलेला जाडा पास्ता. लुक्काकडे चेचीना मिळते, ओव्हनमध्ये भाजलेलं हरभऱ्याच्या पिठाचं जाडसर धिरडंच म्हणा. पण सूप मागवताना ‘ब्रोदो’, म्हणजे सूपचं मूळ पाणी, मांसाचं आहे का हे विचारा. तिथे ‘शाकाहारी’ म्हटलं की मांसाचे तुकडे नाहीत एवढाच अर्थ घेणारे आचारी अजून आहेत. पार्मिजानो चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट असतं. कडक पाळत असाल तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे ‘चीजशिवाय’, म्हणा. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं. तो बिघडलेला नाही, तसाच असतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून एक-दोन युरो जास्त दिसतील, ते बसण्याचे. कॉफी उभ्याने प्यायली की स्वस्त.

सिएनाहून लुक्काला जाताना एम्पोलीला गाडी बदलावी लागते, पुढे पिसा किंवा फ्लॉरेन्सकडून. लुक्का सपाट आहे, तट चार किलोमीटरहून थोडा मोठा आणि वरून सायकल चालवता येईल इतका रुंद. पण मी तुम्हाला लुक्कात ठेवतेय ती मागच्या गार्फान्याना खोऱ्यासाठी. लुक्काहून आउल्लाकडे जाणारी छोटी गाडी सेर्किओ नदीच्या काठाने वर चढते. बोर्गो आ मोझ्झानोजवळ मध्ययुगीन ‘सैतानाचा पूल’ आहे. रेल्वे टाकताना त्याला एक जास्तीची कमान काढली, आणि गाडी त्या कमानीखालून जाते. पुढे कास्तेल्नुओव्होला उतरून स्पेल्ट गव्हासारख्या फार्रो धान्याचं सूप प्या आणि पुढची गाडी घेऊन परत या. या खोऱ्यात तुम्हाला भारतीय पर्यटक क्वचितच भेटेल.

थोडी वाकडी वाट करायची तयारी असेल तर ओर्व्हिएतोतल्या मुक्कामात पेरुजाच्या उत्तरेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं मोंतोने बघा. १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी बरोबरचे सगळे सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच ते पडले. माणगाव तालुक्यातला हा जवान. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोनेत त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं. उंबेर्तिदेपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करावी लागेल आणि अख्खा दिवस मोडेल, हे धरून चला.

तिकिटांचं सोपं आहे. रेजोनाले गाड्यांचं भाडं अंतरावर ठरतं, आधी काढून स्वस्त पडत नाही, जागा राखीव नसते. तेव्हा घरून काढत बसू नका. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवा. टोक डावीकडे नीट दाबा, खर्र असा आवाज येईपर्यंत. शाई उमटली का हे बघूनच पुढे जा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट आणि दंड जागच्या जागी. वेगवान फ्रेच्चारोस्सा आणि इतालो यांचं उलट. त्यांचं आधी काढाल तितकं स्वस्त. तुम्हाला फ्लॉरेन्स ते मिलानो एवढंच लागेल, सुमारे दोन तास. या आखणीला युरेल हा युरोपभर चालणारा रेल्वेपास परवडत नाही. साध्या गाड्या मुळात स्वस्त आहेत आणि वेगवान गाडीला पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात.

संप, ‘शोपेरो’, आधी जाहीर होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक सेवेच्या ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. त्या दिवशी मुक्काम हलवायचा असेल तर पहाटेच हलवा.

सामान दहा किलोंच्या वर नको. लहान स्टेशनांवर फलाट बदलायला भुयारी जिना असतो, लिफ्टचा भरवसा नाही, आणि रूळ ओलांडणं तिथे खरोखरच गुन्हा धरतात. चार्जरची आपली बारीक दोन गोल पिनांची खुंटी तिकडे चालते, जाड तीन पिनांची नाही.

आता झुरिक. मिलानोहून थेट गाडी सव्वातीन-साडेतीन तासांत झुरिकला पोहोचते, पण २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून. वेळ वाचतो, आल्प्स दिसत नाहीत. तुम्ही मिलानो चेंत्रालेहून तिरानोची गाडी घ्या. अडीच तासांपैकी बराच वेळ कोमो सरोवराच्या काठाने जातो. डावीकडे बसा. या एकेरी मार्गावर कामांसाठी कधीकधी काही भागात बस लावतात, आठवडाभर आधी तपासून घ्या. रात्री तिरानोला राहा. सकाळी शेजारच्याच स्विस स्टेशनातून बेर्निनाची लाल गाडी. १९१० पासून दात्यांच्या रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर ती ४२९ मीटरवरून २,२५३ मीटरवर चढते. सुरुवातीला रस्त्यावरच्या मोटारींमधून वाट काढत जाते, मग ब्रुझिओला गोल फिरणाऱ्या पुलावर स्वतःच्याच शेपटाकडे बघत वर सरकते. इथेही डावी बाजू. काचेच्या छताच्या ‘एक्सप्रेस’ला आरक्षण लागतं, पैसे जास्त आणि खिडकी उघडत नाही. मी साधी गाडीच घ्यायला सांगते. मार्ग तोच, आरक्षण नको, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. सेंट मॉरिट्झला बदलून कूर, कूरहून झुरिक. सकाळी निघालात तर संध्याकाळच्या आत भाचीकडे. तिरानोपासूनचं तिकीट स्विस रेल्वेकडून काढा. त्यांचा आगाऊ घेतलेला सवलतीचा दिवसाचा पास या सगळ्या मार्गावर चालतो आणि सुट्या तिकिटापेक्षा बहुधा स्वस्त पडतो.

व्हिसा शेंगेनचा, दोन्ही देशांना एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. भाचीकडे किती दिवस राहणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. झुरिकला बारापेक्षा जास्त रात्री काढणार असाल तर इटलीकडे नव्हे, स्वित्झर्लंडकडे करावा लागेल. तेवढं भाचीशी बोलून आधी ठरवा, म्हणजे व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राची अपॉइंटमेंट कुठल्या देशासाठी घ्यायची ते कळेल.